पावणेसात फुटांचं फाटक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं फाटक पावणेसात फुटांचं आहे. आजोबांनी ते म्हशीच्या मापानं बसवलं असणार. म्हैस गेली, गोठ्याच्या जागी फरशी आली, फाटक तेवढंच राहिलं. २०२३ च्या दसऱ्याला गाडी घ्यायची असं ठरलं तेव्हा शोरूमच्या आधी मी टेप घेऊन फाटकापाशी गेलो, आणि निम्मी यादी तिथंच कापली गेली.

माझी गरज तशी सरळ होती. नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, रोज जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर, त्यातला बराचसा हायवे. घरात मी, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांनी त्रासलेली आई. पण मावशीचं गाव गगनबावडा तालुक्यात, शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा. शिवाय मला आणि मावसभावाला शनिवारी-रविवारी पारगड, भुईबावडा, राधानगरीच्या अलीकडच्या वाड्या असं कुठंही उठून जायची खोड. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पेठेतल्या बोळात वळणारी आणि पावसाळ्यात चिखलातून वर येणारी अशी एकच गाडी हवी होती. दोन गाड्या ठेवायला ना जागा, ना पैसे.

मनात पहिल्यापासून महिंद्राची थारच होती. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार आली तेव्हापासून मोबाईलमध्ये तिचेच फोटो. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जायची कंपनीनं सांगितलेली क्षमता, वर चेहरा असा की बघणाऱ्यानं बाजूला व्हावं. पण रुंदी १८२० मिलिमीटर. पावणेसात फूट म्हणजे २०५७. आरसे मिटून दोन्ही बाजूंना साडेचार इंच राहत होते. एकदा कौतुकानं गाडी आत घालता येईल, पण रोज संध्याकाळी, मागं रिक्षावाला हॉर्न देत असताना? त्यातही आईला ट्रायलला नेलं तिथंच निकाल लागला. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. आईनं एक पाय टाकला, परत काढला आणि शोरूममधल्या पोराला विचारलं, "बाळा, ह्याला मागचं दार कुठं हाय?"

आम्ही गाडी घेतल्यावर दहा महिन्यांनी पाच दारांची थार रॉक्स आली. रुंदी १८७०. ते वाचल्यावर हातातला चहा खाली ठेवून मी पुन्हा एकदा फाटक मोजलं. काही उपयोग नव्हता, पण मोजलं.

फोर्सची गुरखाही बघितली. पुढं-मागं दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक सक्तीनं बरोबरीनं फिरवणारी सोय, देणारी आमच्या पैशात बसणारी गाडी तीच. पण ती घेऊन ऑफिसला जाणं म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर काढण्यासारखं. जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर दोन ठिकाणी बघितली, एकीच्या चासीवर वेल्डिंग सापडलं, तेव्हापासून जुन्या गाडीचा नाद सोडला. एका मित्राची जुनी डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह मिळत होती. रस्त्यावर फार सुंदर गाडी, पण तिला लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारा जादा गिअर, नाही. हा मुद्दा मला आधी नीट कळत नव्हता. ओल्या जांभ्यावरून खाली उतरताना ब्रेक दाबला की चाकं लॉक होऊन गाडी घसरगुंडीसारखी निघते. फोर लोमध्ये पहिला गिअर टाकून पाय बाजूला घेतला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, माणसाच्या चालीनं उतरवतं. हे एकदा मावसभावाच्या ओळखीतल्या जुन्या जिप्सीत बसून अनुभवलं आणि यादीत 'लो रेंज पाहिजेच' असं लाल पेनानं लिहिलं.

उरली मारुतीची जिम्नी. २०२३ च्या जूनमध्ये नुकतीच आलेली. पाच दारं, रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे फाटकातून दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच. लॅडर चासी (शिडीसारखी लोखंडी चौकट), पुढं-मागं सलग एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), लो रेंज, वजन बाराशे किलोच्या आसपास. तोटेही उघड होते. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटरचं. थारच्या डिझेलला ३०० आहे, त्यापुढं हे म्हणजे पैलवानासमोर शाळकरी पोर. चारच माणसं बसणार, आणि डिकीत २०८ लिटर जागा. चार माणसांच्या दोन दिवसांच्या बॅगा ठेवल्या की मुलीचा बॅडमिंटनचा सेट मांडीवर. मित्रांनी "एवढ्या पैशात ही डबी?" असं विचारून घेतलं. मी गाडी फाटकातून आत नेली, आई दार उघडून स्वतःची स्वतः उतरली, विषय संपला. दसऱ्याला हार घातला, जोतिबाला नेऊन आणली, आणि त्या संध्याकाळी दसरा चौकात संस्थानची जुनी मेबॅक मोटार बघायला आम्ही आमच्या डबीतूनच गेलो.

पहिले आठ-नऊ महिने गाडी जशी आली तशीच वापरली. नंतर वाटलं, हेच सगळ्यात शहाणपणाचं झालं होतं. पण तेव्हा कळलं नाही.

जुलै २०२४. मावशीकडं रोप लावण चालू होती. मी मोठ्या तोऱ्यात गाडी बांधापर्यंत नेतो म्हणालो. रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन चर आणि मध्ये गवताचा उंचवटा. शंभर पावलांवर पुढचं डावं चाक चरात गेलं, मागचं उजवं हलकं झालं आणि गाडी थांबली. फोर लो टाकला. चारी चाकं फिरली, लाल चिखल छपरावर उडाला, गाडी मात्र जाग्यावर. या गाडीत एक सोय आहे, मोकळं फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाकडं जाते. पण कंपनीच्या रस्त्याच्या टायरांच्या खाचा चिखलानं बुजून गुळगुळीत झाल्यावर ताकद कुठंही पाठवा, पकड येणार कुठून? काका चिखलगुट्टा थांबवून ट्रॅक्टर घेऊन आले. बैलगाडीच्या सोलानं बांधून अर्ध्या मिनिटात मला बाहेर काढलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "चारी चाकं फिरत्यात म्हणून सांगत हुतास न्हवं? मग फिरलीच की."

ते वाक्य मला झोपू देईना.

टायर बदलायचे हे तर नक्की होतं. पण मी तिथं थांबलो नाही. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात जाऊन गाडी दीड इंच उंच करून घेतली. चार स्प्रिंगा, चार शॉकअप, मजुरी, सगळे मिळून साठ हजार. टायर त्याच फेरीत बदलले: मूळचे १९५/८० आर १५, त्या जागी २१५/७५ आर १५ ऑल टेरेन, स्टेपनीसकट पाच. तेही चाळीस हजारांच्या पुढं. गाडी दिसायला काय झाली म्हणून सांगू! रंकाळ्यावर उभी केली तर दोन पोरं फोटो काढून गेली. मी त्या रात्री भेळ खात खात तिच्याकडंच बघत होतो.

आता थोडं गणित सांगतो, जे मी आधी करायला पाहिजे होतं. जिम्नीचे दोन्ही एक्सल सलग आहेत, त्यांच्यावर डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांची पेटी. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथं. तो चाकाच्या मापावर टेकलेला असतो, त्याला वर न्यायचं तर मोठा टायरच पाहिजे. आणि माझ्या टायरचा व्यास ६९३ वरून साधारण ७०३ मिलिमीटर झाला, म्हणजे गोळ्याखाली जागा वाढली निम्मी, पाच मिलिमीटर. लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो तेवढी. मावशीच्या रस्त्यावर मध्ये घासणारी वस्तू हा गोळाच होता. साठ हजार देऊन मी जो भाग उंच केला तो कधी घासतच नव्हता.

दुसरा धक्का हायवेवर बसला. उजळाईवाडीच्या पुढं गाडी सत्तर-पंचाहत्तरला गेली आणि एका खड्ड्यावरून उतरताच स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर म्हणजे साधी नाही, आख्खा डॅशबोर्ड हलत होता. वेग चाळीसवर आणला तेव्हा थांबलं. पुढच्या आठवड्यात तीनदा तसंच. दुकानाला फोन केला तर "टायर बॅलन्स करून घ्या" म्हणाले. करून घेतला. तरी तेच. शेवटी शिरोली बाजूच्या एका जुन्या अलाइनमेंटवाल्याकडं गेलो. त्यानं मशीन लावायच्या आधी गाडीमागं उकिडवं बसून नुसतं बघितलं आणि विचारलं, "साहेब, एका अंगाला चाक बाहेर आलंय, दिसतंय काय?" खरंच दिसत होतं. एक्सल डावी-उजवीकडं हलू नये म्हणून तिरका पॅनहार्ड रॉड असतो. गाडी वर उचलली की त्या रॉडचा कोन बदलतो आणि तो एक्सलला एका बाजूला ओढून घेतो. पुढं तर आणखी एक भानगड होते. एक्सल धरणारे आर्म खाली झुकतात, एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टरचा कोन कमी होतो. कॅस्टर म्हणजे काय ते त्यानं सायकलचं उदाहरण देऊन सांगितलं: पुढचा फोर्क मागं कललेला असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तो कोन गेला की चाक आपलं आपण सरळ राहत नाही, थरथरायला लागतं.

उपाय होता. लांबी बदलता येणारे पॅनहार्ड रॉड दोन, कॅस्टर दुरुस्त करणारे बुश, परत मजुरी. पंचवीस-तीस हजारांची आणखी एक पायरी, आणि त्यानंतर पुढची कुठली ते कोणी सांगावं.

पण निर्णय हायवेनं नाही, आईनं करायला लावला. तक्रार तिनं केली नाही, ती करतच नाही. एके दिवशी डिकीत स्वयंपाकघरातला लाकडी पाट दिसला. बायकोला विचारलं तर म्हणाली, "पाच महिने झाले, आई त्याच्यावर पाय देऊन चढतात. तुम्ही गाडी काढायला पुढं जाता, तुम्हाला दिसत नाही." दीड इंच. धडधाकट माणसाला कळतही नाही.

जानेवारीत सगळं काढलं. मूळच्या स्प्रिंगा नशिबानं माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या परत बसवल्या. उंच करायच्या स्प्रिंगा आता त्याच माळ्यावर आहेत, शेव तळायच्या झाऱ्याशेजारी. पॅनहार्ड रॉड आपल्या जागी आला, थरथर गेली. टायर मात्र ठेवले, आणि ते पैसे वसूल झाले असं आजही म्हणतो. मायलेज हायवेला पंधरावरून साडेतेरावर आलं, साठच्या पुढं टायरांचा गुंजारव ऐकू येतो, ओल्या डांबरावर ब्रेक थोडा आधीपासून दाबावा लागतो. पण ओल्या मातीत खाचा स्वतःहून चिखल बाहेर फेकतात, आणि बाजूची भिंत जाड असल्यानं जांभ्याच्या धारदार कडांची धास्ती कमी झाली.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र चार हजारांच्या वस्तूनं. बॅटरीवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर आणि एक प्रेशर गेज. मातीच्या रस्त्याला लागायच्या आधी चारी चाकांतली हवा अठरा पीएसआयवर आणायची. टायर खाली पसरतो, जमिनीला लांब टेकतो, दगडावरून उसळण्याऐवजी त्याला कवेत घेतो. डांबराला परत लागलं की दारावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी हवा भरायची. ती न भरता हायवेला गेलात तर टायर तापून फाटेल. पुढच्या जुलैत मावशीच्या त्याच रस्त्यावर, त्याच चरात, उंची कंपनीचीच असताना, गाडी एका दमात बांधापर्यंत गेली. काका भाताच्या रोपांच्या पेंढ्या उचलत होते. त्यांनी मान वर केली, परत खाली घातली. कौतुक आमच्याकडं असंच करतात.

गोळ्याची आणि ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची) भीती होतीच, म्हणून खालून पत्रा लावायचा ठरवला. ऑनलाइन तयार प्लेटा मिळतात, पण कोल्हापुरात राहून पत्र्याचं काम बाहेरून मागवायचं म्हणजे घरात चुलीवर रस्सा असताना हॉटेलात जेवण्यासारखं. शिवाजी उद्यमनगरात गेलो. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला कास्टिंगची धार घासणारी पोरं, हवेत तापलेल्या तेलाचा वास. मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेऊन पुठ्ठ्याचा साचा कापला. मी म्हणालो, पाच मिलिमीटरचा लोखंडी लावू. ते हसले. "आणि रोज तेवढं वजन घेऊन हापिसला जाणार?" साचा सुमारे पाऊण मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद. तीन मिलिमीटर लोखंड लावलं तर चौदा किलो, पाच लावलं तर तेवीसच्या वर, सहा मिलिमीटर ॲल्युमिनियम लावलं तर दहाच्या आत. ॲल्युमिनियम महाग, आणि दगडावर ते घसरण्याऐवजी चिकटतं असं त्यांचं म्हणणं. शेवटी तीन मिलिमीटर लोखंड, पुढची कड वर वळवून, आतून दोन आडव्या पट्ट्या. ऑइल काढायला भोक ठेवलं, आणि माझ्या डोक्यातही नसलेली आणखी सहा भोकं त्यांनी पाडली. "माती आत साठती, सुकती, आणि मग पत्रा आतनं खाती. पाणी मारायला वाट पाहिजे." बारीक कातरकामापासून रंगापर्यंत दोन दिवस, आणि बिल तयार प्लेटेच्या निम्म्याच्या आसपास.

काय लावलं नाही तेही सांगितलं पाहिजे. छपरावर एलईडी पट्टी नाही. घाटात, धुक्यात ती पट्टी लावली की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. गगनबावड्याच्या धुक्यात खाली बसवलेला पिवळा फॉगलॅम्पच कामाचा. पुढं लोखंडी बंपरगार्ड नाही, त्याला केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घालायला सांगितलं होतं, कारण त्यानं एअरबॅगचं गणित बिघडू शकतं आणि समोरच्या पादचाऱ्याची हाडं मोडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावायचा नाही असा. उंच केलेली गाडी त्यात बसत होती का, हे मला विमा कंपनीला लेखी विचारायला सुचलं ते काढल्यानंतर. टायर आणि पत्र्याचं मात्र आधी कळवलं.

आणि स्नॉर्केल, म्हणजे छपराच्या उंचीवरून इंजिनाला हवा देणारी नळी, नाही. हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही, पण पोरं अजूनही विचारतात. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणारी माणसं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला आम्ही बघितलाय. स्नॉर्केलनं इंजिनाला श्वास मिळतो, गाडीला वजन मिळत नाही. बाराशे किलोच्या गाडीत पाणी शिरायच्या आधी ते तळाच्या वर वीतभर चढलं की ती तरंगायच्या बेताला येते, मग चारी चाकं फिरोत नाहीतर आठ. पुरात गाडी घालायची नाही, विषय तिथं संपतो.

सोल बांधून ओढण्याचं काम काकांवर सोपवून भागत नाही, म्हणून ताणला जाणारा पट्टा घेतला. तिथंही आधी चुकलो. जास्त टनाचा तो चांगला असं समजून अकरा टनांचा आणला. मावसभाऊ म्हणाला, एवढ्या हलक्या गाडीला तो ताणलाच जाणार नाही, आणि ताणला नाही तर धक्का सरळ हुकावर. गाडी आणि सामान मिळून दीड टनाच्या आसपास. त्याच्या तिपटीच्या जवळपासचा पट्टा बदलून आणला. दोन बो शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), एक ओलं गोणपाट. पट्टा तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं येतं, मध्ये गोणपाट टाकलेलं असलं की ते खाली पडतं. हूक फक्त चासीचे. बांधताना कोणीही जवळ उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढणाऱ्यानं तर नाहीच.

जाण्याच्या जागाही बदलल्या. मसाई पठारावर सड्यावरून गाडी फिरवणारे दिसतात. पूर्वी मीही एकदा फिरवली असती. त्या दगडावरच्या दोन बोटं मातीत फुलं येतात, आणि चाकाचा एक पट्टा वर्षानुवर्षं तिथं काही उगवू देत नाही. आता ते संवर्धन राखीव आहे. दाजीपूरच्या जंगलातही स्वतःच्या मर्जीनं वाट काढायची नसते. आपल्यासाठी वाड्यांचे रस्ते पुष्कळ आहेत, आणि तिथं आधी विचारलं की लोक चहा देऊनच पुढं सोडतात.

मागच्या महिन्यात आजऱ्याच्या पुढं एका उतारावर स्टेपनी बदलायची वेळ आली. जमीन मऊ, जॅक वर जायच्या ऐवजी खाली मातीत रुतायला लागला. डिकीत हात घातला तर तो पाट सापडला, बाभळीचा, चांगला दीड इंच जाड. जॅकखाली टाकला, गाडी सरळ उचलली गेली. तेव्हापासून तो कॉम्प्रेसरशेजारीच असतो, एका बाजूला जॅकचा गोल ठसा उमटलेला. आईला अजून वाटतं की तिचा पाट सुनेनं कुठंतरी हरवला.